ओलं जळण

"काळ्याभोर रानी, ऊस उभा डोईवर
सोन्याची गं ढेप, उतरली भुईवर"

हा आवाज मनकर्णेनं पहिल्यांदा ऐकला तेव्हा ती अकरा वर्षांची होती, आणि बैलगाडीत सासूच्या मांडीवर डोकं टेकून पेंगत होती. गाडी वालूरच्या शिवारात शिरली आणि उभ्या ज्वारीच्या माथ्यावरून आधी गुळाचा वास आला, मग त्या वासाचं बोट धरून हा गळा आला. जाड, भरदार, तळाशी जरासा खरवडलेला. सासू पार्वतीबाई म्हणाली, "आपल्या गुऱ्हाळातला आश्रुबा गुळव्या हाय त्यो. गायलाय म्हंजी पाक चढायलाय. सात ओव्या झाल्या की बोट घालतोय बग काहिलीत."

"भाजत न्हाई?" मनकर्णेनं विचारलं होतं.

"गुळव्याला भाजत नसतंय," सासू म्हणाली होती.

त्या गोष्टीला पंचवीस वर्षं झाली. सासू गेली, सासरा गेला, आणि दोन वर्षांमागं पटकीच्या साथीत नवरा लिंबाजीही गेला. मूलबाळ झालंच नाही. राहिलं ते गुऱ्हाळ. दोन बैलांचा लोखंडी चरक, जमिनीत खोदलेलं चुलवाण, त्यावरची पुरुषभर रुंद काहील, आणि गूळ ओतायचा दगडी वाफा. आसपासचे शेतकरी पाळीपाळीनं ऊस घेऊन यायचे, गाळून घ्यायचे, ढेपा गाडीत घालून न्यायचे आणि गुऱ्हाळाच्या वाट्याच्या ढेपा मागं ठेवायचे. कपाळ मोकळं झाल्यावर भाऊबंद म्हणाले होते, बाईमाणसाचं काम न्हाई हे. मनकर्णेनं पदर खोचला आणि दसऱ्याला आश्रुबाच्या हातात नारळ दिला.

तो नारळ म्हणजे करार. दसऱ्याला मालकानं गुळव्याच्या हातात नारळ द्यायचा, गुळव्यानं तो चुलवाणाच्या तोंडाशी फोडायचा. मग शिमग्यापर्यंत मालकानं गुळव्याला काढायचं नाही आणि गुळव्यानं मालकाला सोडायचं नाही. कागद नाही, साक्षीदार नाही. निजामाच्या कचेरीत ज्याची नोंद नव्हती असा हा एकच कायदा वालूरात आजवर कुणी मोडला नव्हता.

यंदा पौष लागला, आणि आश्रुबा गात नव्हता.

*

पाळीला आलेल्या बन्सीधरची काहील रात्रभर वाफ्यात निवली, सकाळी त्यानं ढेपेत बोट घातलं तर बोट पेराएवढं आत गेलं. त्यानं ते बोट सगळ्यांना दिसेल असं वर धरलं. पिवळी तार लोंबत होती.

"मनकर्णाबाई, ह्याचं करू काय? पोळीला लावू का गाडीच्या आसाला?"

चरकाजवळचे लोक हसले. मनकर्णेला हसता येईना. महिन्याभरातली ही तिसरी काहील. एक करपली होती, दोन बसल्याच नव्हत्या.

ती तरातरा चुलवाणाकडं गेली. खड्ड्यात उतरून मुंजाजी राख ओढत होता. मुंजाजी म्हणजे जाळ्या, चुलवाणाच्या तोंडाशी बसून उसाचं वाळलं चिपाड सारणारा. तीस-बत्तिशीचा काटकुळा गडी, भुवया अर्ध्या जळालेल्या, तोंडात सदा काहीतरी गमतीचं.

"मुंजाजी, जळण वलं व्हतं."

त्यानं वर पाहिलं. आधी त्याला वाटलं वैनी चेष्टा करायलीय. "पौषात चिपाड वलं? आठ दिस उनात पडलंय, वैनी. हातात घेऊन बगा, भुगा व्हतोय. दातात धरलं तर तंबाखूवानी चावता येतंय."

"मग जाळ कमी पडला."

"जाळ मी मनानं घालतो व्हय?" आता त्याचं हसू मावळलं. "मामा हात वर करत्यात, मी सारतो. मामा हात खाली घेत्यात, मी आखडतो. मला वरचं काय दिसतंय खड्ड्यातून? मला मामाचा हात दिसतोय, बस."

सगळ्यांच्या माना आश्रुबाकडं वळल्या. साठीचा आश्रुबा काहिलीत वाकून राखेनं बूड घासत होता. पाठ सगळ्यांकडं. ती पाठ थोडा वेळ थांबली आणि पुन्हा हलायला लागली.

मनकर्णेला त्या पाठीचा राग आला. पण तोंडातून जे निघालं ते खड्ड्याकडं गेलं.

"लय जीभ चालायलीय तुपली. उद्यापासनं चुलवाणावर येऊ नको."

बैल हाकणारा सुग्रीव उगीच बैलाच्या कानामागची गोचीड शोधायला लागला. मुंजाजी खड्ड्यातून वर आला, अंगावरची राख झटकली, आणि विस्तवात खुपसलेली लांब लोखंडी सळई त्यानं फडक्यानं धरून बाहेर ओढली. टोक लालभडक होतं.

"ही सळई मपली हाय. बापाची. गुऱ्हाळाची न्हाई. नेतो."

"ने."

"तापलेली हाय. निवली की जातो."

आणि तो सळई शेजारी ठेवून चुलवाणाच्या काठावर बसला. लोकांना त्याला ओलांडून ये-जा करावी लागली. चिपाडाचे भारे वाहणाऱ्या बायका त्याच्या मागून वळसा घालून गेल्या. मनकर्णेनं दोनदा चरकाभोवती उगीच चक्कर मारली. तासभर तो तिथंच बसून होता, मधून सळईवर थुंकून पाहत होता. थुंकी चुर्र व्हायची थांबली, मग त्यानं सळई खांद्यावर टाकली, आश्रुबाच्या पाठीला "येतो मामा" म्हणाला, आणि गेला.

आश्रुबानं मान वळवली नाही.

*

मनकर्णेला माहीत होतं. हेच तिला चावत होतं.

दसऱ्याच्या दिवशी नारळ फोडून झाल्यावर आश्रुबा लिंबाच्या झाडाखाली चिलीम भरत बसला होता. मनकर्णा खोबऱ्याचा तुकडा द्यायला त्याच्याजवळ गेली. तो पावसापाण्याचं बोलत होता. बोलता बोलता त्यानं आगटीतला निखारा दोन बोटांत उचलला. असं गुळवे करतातच, झटकन उचलतात, झटकन टाकतात. पण आश्रुबानं टाकला नाही. तो पावसाबद्दलच बोलत राहिला, यंदा दुधनेला पाणी कसं उशिरा आलं ते सांगत राहिला, आणि मनकर्णेच्या नाकात चामडी जळल्याचा वास आला. मग त्याच्याही नाकात गेला असावा. त्यानं निखारा चिलमीत टाकला, बोट धोतराला पुसलं, आणि तिच्याकडं पाहिलं. तिनं पटकन खोबरं पुढं केलं.

गुळव्याचं सगळं त्या दोन बोटांत असतं. गार पाण्यात बुडवायची, उकळत्या पाकात घालायची, पाक काढून चिमटीत गोळी वळायची. गोळी मऊ लागली तर अजून जाळ, कडक लागली तर काहील उतरव. डोळा रंग सांगतो, नाक वास सांगतं, पण शेवटचा हुकूम बोटाचा. त्या बोटाला आचच कळेना तर गोळीचं काय कळणार?

पण हे बोलायचं कसं? बोटं बधिर म्हटलं की गाव एकच नाव घेतं, बोटं झडतात त्या रोगाचं. त्या रोगाचं नाव मनातसुद्धा आलं की मनकर्णा कानाच्या पाळीला हात लावायची. त्या बोटांचा गूळ मग कोण तोंडात घालील? आश्रुबाला पाण्याला कोण शिवू देईल? आणि आश्रुबानं तर लिंबाजीला खांद्यावर बसवून ऊस खाऊ घातला होता. सासऱ्यानं कधी आश्रुबाला एकेरी हाक मारली नव्हती. त्याच्या तोंडावर ती हे बोलणार?

मुंजाजी बरा होता. मुंजाजीला बोलता येत होतं.

*

सुग्रीवला बैलांवरून काढून जाळावर बसवलं. त्याला जाळाची सवय नव्हती, डोळ्यांतून पाणी गाळत त्यानं चिपाड सारलं. आश्रुबाचा हात वर झाला की सारलं, खाली आला की थांबला. जसं मुंजाजी करायचा तसंच. आणि काहील पुन्हा बिघडली. ह्या खेपेला पाक जास्त शिजला. वाफ्यात ओतला तेव्हाच काळसर दिसत होता, निवला तेव्हा त्यावर कोयता वाजायला लागला.

त्याच सकाळी दिनकरराव आले. तांबड्या तट्टावरून उतरले आणि वाफ्याजवळ उभे राहिले. दिनकररावांचा ऊस म्हणजे मळ्याच्या खाऱ्या विहिरीवरचा जाड ऊस, बारा काहिलींचा. त्यांची गाडी जिकडं वळते तिकडं वालूरच्या सगळ्या गाड्या वळतात हे मनकर्णेला ठाऊक होतं.

"लिंबाजी माझ्या बरोबरीचा," दिनकरराव म्हणाले. "म्हणून दुधनेपल्याडच्या गुऱ्हाळाला अजून न्हाई म्हणायलोय. सोमवारी माझा ऊस तुटंल. तुटलेला ऊस थांबत नसतोय, बाई. माझी एक काहील बिघडली तर बाकीच्या अकरा नदी वलांडून जातील."

"बिघडणार न्हाई, दादा."

"कशावरनं?"

"जाळ्या बदललाय," ती म्हणाली.

दिनकररावांनी आधी काळ्या ढेपेकडं पाहिलं, मग तिच्याकडं. "ते दिसायलंय," म्हणाले, आणि तट्टावर चढले.

त्या दुपारी तिनं ठरवलं. आज बोलायचं. जेवणं झाल्यावर आश्रुबा एकटाच लिंबाखाली होता. तिनं घरातून लिंबाजीचं चांगलं काळं कांबळं काढून आणलं होतं. रिकाम्या हातानं जायला जीव होईना.

"मामा, थंडी लय पडायलीय."

"पौष हाय, सूनबाई. पडायचीच."

"गुडघे कसे हायत?"

"हायत जागेवर."

"तुमाला म्हणून सांगते..." ती थांबली. आश्रुबा वाट पाहत होता. खरंच वाट पाहत होता, हातातली काडीसुद्धा त्यानं खाली ठेवली. त्याची बोटं धोतरावर उपडी पडली होती, टोकं काळी, कातडं चकचकीत, नखं अर्धीच उरलेली.

"...हे कांबळं वापरा. पेटीत नुसतं पडून हाय, कसर लागंल."

आश्रुबानं कांबळं घेतलं. मांडीवर ठेवलं. "एवढंच सांगायचं व्हतं?"

"व्हय."

"बरं," तो म्हणाला.

परत येताना ती स्वतःवरच चिडली. वाटेत उसाच्या शेंड्याचं एक वाढं आडवं पडलं होतं, तिनं ते लाथेनं उडवलं. कांबळं द्यायला गेली होती का ती? रानात कुणी नव्हतं, तेव्हा ती पुटपुटत सगळं बोलून गेली, मामा तुमचं असं झालंय, मामा तसं करू, एकेक शब्द जागच्या जागी. चुलवाण दिसलं तसं तोंड मिटलं.

*

मग तिनं जे केलं ते वालूरात कुणी केलं नव्हतं. तिनं सुग्रीवच्या हातात एक नारळ दिला आणि त्याला सेलूहून आगगाडीनं गंगाखेडाकडं पाठवलं. राणीसावरगावला वाल्मीक नावाचा तरणा गुळव्या होता, त्याचं नाव तिच्या माहेरच्या माणसांनी काढलं होतं. "त्याला म्हण, हाताखाली यायचंय," तिनं सांगितलं. "जुना गुळव्या हाय, थकलाय, मदतीला यायचंय."

"मंग नारळ कशाला?" सुग्रीवनं विचारलं. "मदतीला यायचं तर नुसता निरोप पुरे की."

"मोकळ्या हातानं बोलावू का परक्या गावचा माणूस?"

सुग्रीवनं नारळ उलटासुलटा करून पाहिला. मग धोतराच्या सोग्यात बांधला.

वाल्मीक शनिवारी सकाळी आला. ओठावर नुकती दाट झालेली मिशी, डोक्याला गुलाबी रुमाल, खांद्याला पडशी. गुऱ्हाळात चरक फिरत होता, पहिल्या काहिलीत रस पडत होता, आश्रुबा भेंडीच्या रसाचं मडकं घेऊन मळी काढायच्या तयारीत उभा होता. वाल्मीकनं चारी दिशांना राम राम घातला, पडशीतून तोच नारळ काढला, आणि कुणाला काही कळायच्या आत चुलवाणाच्या तोंडाशी आपटून फोडला. पाणी राखेवर सांडलं आणि वाफ झाली.

त्याची काय चूक? नारळ आला म्हणजे फोडायचा, हेच त्याला बापानं शिकवलेलं.

चरक थांबला. बैल आपसूक थांबले. चिपाड वाहणारी छबूबाई डोक्यावरच्या भाऱ्यासकट जागच्या जागी खिळली. आश्रुबानं खोबऱ्याच्या दोन शकलांकडं पाहिलं. मग मडकं हळूच खाली ठेवलं, हात धुतले, बोटं एकेक करून पुसली. खुंटीवरचं कांबळं काढलं, घडी केली, आणि मनकर्णेच्या पायाजवळ जमिनीवर ठेवलं.

"मामा," ती म्हणाली. "ह्यो मदतीला आलाय. शिकायला..."

आश्रुबा चालायला लागला होता.

वाल्मीक भांबावला. "मला कुणी बोललंच न्हाई," तो सुग्रीवला म्हणाला, "की जुना आजून नांदायलाय."

*

वाल्मीकची पहिली काहील चांगली बसली. दुसरी, दिनकररावांनी बारा काहिलींबाहेर नमुन्याला पाठवलेल्या खाऱ्या विहिरीच्या उसाची, ती करपली. खाऱ्या पाण्याच्या उसाला रंग लवकर येतो आणि शिजणं मागं राहतं. वाल्मीक रंगाला फसला, उतरवावी का न उतरवावी करत राहिला, खाली सुग्रीव दुसऱ्याच कुठल्या खुणेवर सारत राहिला.

वाल्मीकनं डोक्याचा रुमाल काढून तोंड पुसलं. "मालकीण, माझं बोट शाबूत हाय. पर हे चुलवाण तोंडाला रुंद आन मागं अरुंद हाय, जाळ कुठून कुठं जातोय मला कळंना. ह्या चुलवाणाचा जुना जाळ्या मला द्या. आन ह्या विहिरीच्या उसाचा रंग वळखणारा कुणीतरी डोळा द्या. न्हाईतर सोमवारी मी हात लावणार न्हाई, आत्ताच सांगतो. माझ्या बी नावाचा सवाल हाय."

रविवार उजाडला. मनकर्णा तडक सेलूच्या सडकेवर गेली. तिथं सरकारी खडी फुटत होती. दोन्ही अंगांना दगडांचे ढीग, ढिगागणिक एकेक जोडपं उकिडवं बसलेलं, हातोड्यांचा एकसारखा ठकठकाट. मुंजाजी आणि त्याची बायको चतुराबाई एका ढिगाशी होती. चतुराबाईच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या होत्या, चिंध्यांवर रक्त सुकलं होतं.

"मुंजाजी, चल. जाळावर ये."

त्यानं हातोडा थांबवला नाही. "का? चिपाड वाळलं का?"

"झालं गेलं सोड. उद्या दिनकररावांचा ऊस हाय."

"वैनी, हे दगूड चांगले हायत. फोडले तर फुटत्यात. जळण वलं हाय म्हणत न्हाईत."

"मी दोन ढेपा जास्तीच्या..."

"ढेपा नकोत." आता त्यानं हातोडा ठेवला. "ही बगा, हिला आडावर बाया काय म्हणायल्यात माहीत हाय? तुझ्या नवऱ्याला चिपाड वाळवायची अक्कल न्हाई म्हणं. मपला बाप जाळ्या, आज्जा जाळ्या. हिच्यासमोर एक सांगा. जळण वलं व्हतं का?"

चतुराबाईनं मान वर केली नाही. हातातला दगड फिरवत ती भेग कुठं आहे ते शोधत होती.

मनकर्णेनं ओठ उघडले. व्हय म्हणावं तर खोटं. न्हाई म्हणावं तर पुढचा प्रश्न ठरलेला. मग काय बिघडलं? कुणाचं बिघडलं? आणि तो प्रश्न ह्या सडकेवर, वीस ढिगांच्या मधोमध.

"उद्या बोलू," ती म्हणाली.

"बोला उद्या," मुंजाजी म्हणाला, आणि हातोडा उचलला.

*

आश्रुबा अंगणात अंबाडीची दोरी वळत होता. त्याची बायको केशरबाई बाहेरच्या चुलीवर भाकरी टाकत होती. मनकर्णा चौकटीला टेकून बसली.

"मामा, राग धरू नका. तुमचं वय झालंय, गुडघे..."

"माझ्या गुडघ्याला काय झालंय?" आश्रुबा म्हणाला. आवाज चढला नाही. "तू आली की माझे गुडघे इचारती. गूळ काय मी गुडघ्यानं करतो?"

केशरबाईनं भाकरी उलटली.

"नारळ पाठवलास. वालूरापासनं राणीसावरगाव. आगगाडीनं," तो म्हणाला. "माझं घर गुऱ्हाळापासनं शंभर पावलं हाय, सूनबाई."

ती खाली पाहत राहिली. उंबऱ्याशी मुंग्या पिठाचा कण ओढत होत्या.

आश्रुबा उठला. चुलीजवळ जाऊन बसला, आणि उजव्या हाताची दोन बोटं त्यानं तव्याच्या कडेवर टेकवली. टेकवली आणि ठेवली. केशरबाईनं तोंड फिरवलं. मनकर्णा धडपडत उठली आणि त्याचं मनगट धरून ओढलं. बोटांच्या टोकांवर पांढरे डाग उमटले होते. आश्रुबाच्या तोंडावरची रेघसुद्धा हलली नव्हती.

"दोन वर्सं झाली कळणं कमी व्हायला, यंदा पारच गेलं," तो म्हणाला. "सेलूच्या हकिमाकडं जाऊन आलो, हिला घेऊन. त्यानं कोपरापासनं सुया टोचून पाह्यल्या. डाग पाह्यले, कान पाह्यले. रोग न्हाई म्हणला. आगीनं चामडं मेलंय म्हणला, चाळीस वर्सांच्या. पर गाव काय हकिमाला इचारायला जातंय?"

"मग मला सांगितलं कामून न्हाई?"

"तू इचारलं कामून न्हाई?"

तवा रिकामाच तापत होता. केशरबाईला पुढची भाकरी टाकायचं सुचेना.

"दसऱ्याला निखारा चिकटला तव्हा तू बघितलंस," आश्रुबा म्हणाला. "तुला बघताना मी बी बघितलं. मी म्हणलं, ही आज बोलंल. उद्या बोलंल. बोलली की मी कबूल व्हईन. कांबळं घेऊन आलीस तव्हा तर मी काडी बी खाली ठेवली. आपणहून सांगायला मला तोंड न्हाई झालं. आन त्या पोराला तू घालवलंस तव्हा मी काहील घासत बसलो. घासलेलीच काहील घासत बसलो."

मनकर्णेनं पदरानं धरून रिकामा तवा खाली उतरवला.

"उद्याचं सांगतो," तो म्हणाला. "खाऱ्या विहिरीच्या उसाचा रंग माझ्या डोळ्याला कळतोय, डोळे शाबूत हायत. बोट त्या राणीसावरगावच्या गड्याचं. हात मी वर करीन, पर त्यानं गोळी बघितल्यावर. आन हात वर केला की जाळ सारायला मुंजाजी पायजे. हाय का तो?"

"न्हाई येत म्हणायलाय. इचारायलाय, जळण वलं व्हतं का."

आश्रुबानं खुंटीवरचं पागोटं काढलं आणि डोक्याला गुंडाळलं. गुंडाळताना पदर बोटांतून दोनदा निसटला. केशरबाईनं पुढं होऊन खोचून दिला.

"चल," तो म्हणाला.

*

ऊन कलायला लागलं होतं. सडकेवरून दिनकररावांच्या उसाच्या गाड्या गुऱ्हाळाकडं निघाल्या होत्या, सोमवारची वाट न पाहता आजच तोड लागली होती. उसाची वाढी धुळीत घासत जात होती. शेवटच्या गाडीवाल्यानं आश्रुबाला पाहून हात जोडले आणि मग हात जोडावेत की नाही हे न कळून ते अर्ध्यातच खाली घेतले. आश्रुबानं ते पाहिलं. तो पुढं चालत होता, मनकर्णा मागं.

मुंजाजीनं दोघांना येताना लांबूनच पाहिलं. "चतुरे, बग," तो म्हणाला, "आज साक्षीदार घेऊन आल्यात. मुकादमाला म्हणा, कचेरी इथंच भरवा."

मग त्यानं आश्रुबाचं तोंड पाहिलं आणि गप्प झाला. उठून उभा राहिला. "मामा, बसा. दगूड हाय, पर उनानं तापलाय जरा."

"उभा बरा हाय मी," आश्रुबा म्हणाला.

मनकर्णा जवळ सरकली. तिनं ठरवलं होतं, हळू बोलायचं, ह्या दोघांना ऐकू जाईल एवढंच. ठकठकाटात शेजारच्या ढिगाला काही कळणार नाही. पण गुऱ्हाळाची मालकीण आणि गुळव्या सडकेवर उभे आहेत हे एकानं दुसऱ्याला खुणावलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला, आणि हातोडे एकेक करत थांबत गेले. पार पुढच्या वळणापर्यंत थांबले. बन्सीधरची भावजय होती, आडावरच्या बाया होत्या, मुकादम कंबरेवर हात ठेवून उभा होता. उसाच्या गाड्यांची चाकं तेवढी दूर कुरकुरत होती.

तिनं आश्रुबाकडं पाहिलं. आता तरी नको म्हणेल, असं वाटलं. उद्या म्हणेल.

"मोठ्यानं बोल," आश्रुबा म्हणाला.

चतुराबाईनं हातातला दगड खाली ठेवला आणि पहिल्यांदा मान वर केली. मनकर्णा तिच्यासमोर खाली बसली, खडीवरच, आणि तिच्याकडं पाहून बोलली.

"जळण वलं नव्हतं, चतुरा. जाळ बी कमी नव्हता. मामाच्या बोटाला आच कळंना झालीय. हकीम म्हणला रोग न्हाई, चाळीस वर्सं पाकात बोटं घालून चामडं मेलंय. हे मला दसऱ्यापासनं ठावं व्हतं. पहिली काहील बिघडली तव्हा ठावं व्हतं, आन तुझ्या नवऱ्याला खड्ड्यातून वर काढलं तव्हा बी ठावं व्हतं. मामाला बोलायला माझी जीभ उचलंना, म्हणून मी त्याला बोलले. त्याला बोलणं सोपं व्हतं, म्हणून."